एनपीटेलचं सर्टिफिकेट: खान्देशातल्या मुलीला आयटीत कितपत उपयोगी?

पुण्यातल्या कंपनीच्या एचआरला शिरपूर किंवा फैजपूर नकाशात कुठे आहे हे माहीत असेलच असं नाही. कॉलेजचं नाव ओळखीचं नाही, वडील शेतकरी, घरात अहिराणी, कंपनीत ओळखपाळख शून्य. अशा मुलीच्या रेझ्युमेवर आयआयटीच्या नावाखाली स्वतःचे मार्क दिसले तर निदान पुढची ओळ वाचली जाते. आमच्या मते एनपीटेलची, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या ऑनलाइन कोर्सची, खरी किंमत तेवढीच आहे, आणि ती कमी नाही.

कोर्स केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर चालतात. जानेवारी आणि जुलै असे दोन हंगाम, कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. व्हिडिओ पाहणं, असाइनमेंट सोडवणं फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा. फी बरीच वर्षं १००० रुपये होती, एससी-एसटी मुलींना दाखला अपलोड केल्यावर सवलत मिळते. पहिली फसगत इथेच होते. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं असं समजून मुली बसून राहतात आणि फॉर्मची तारीख उलटून जाते. दोन्हीकडे ईमेल एकच लागतो, म्हणून भावाच्या किंवा नेट कॅफेवाल्याच्या आयडीवरून नाव घालू नका. कॉलेजने दिलेला ईमेलही नको, पास झाल्यावर तो कधी बंद होईल सांगता येत नाही.

फॉर्ममधल्या नावाकडे विशेष लक्ष द्या. सर्टिफिकेटवर तुम्ही टाइप केलंय तेच छापून येतं, नंतर बदलून मिळत नाही. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि लग्न झालेलं असेल तर दोन्हीकडे आडनावंच वेगळी, हा घोळ मुलांना सहसा पडत नाही, मुलींना हमखास पडतो. परीक्षेला जे मूळ ओळखपत्र घेऊन जाणार त्यावरचंच नाव लिहा आणि नोकरीच्या अर्जातही तेच ठेवा. परीक्षेचं शहर फॉर्ममधल्या यादीतून निवडायचं असतं. जवळचं शहर त्यात नसेल तर सकाळच्या पाळीसाठी आदल्या रात्री निघायची तयारी ठेवावी लागते. सोबत कोण येणार हे घरी आधीच ठरवून घ्या.

मार्कांचा हिशेब असा. असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. आठ आठवड्यांच्या कोर्सला उत्तम ६ आणि बारा आठवड्यांच्याला उत्तम ८ असाइनमेंट धरतात. जुलैच्या हंगामात श्रावण येतो, कानबाईच्या रोटांच्या गडबडीत एखादी तारीख हुकली तरी बिघडत नाही, ती याचमुळे. पण पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही स्वतंत्रपणे हवेत. टेलिग्रामवरची उत्तरं टिपून असाइनमेंटला २४ मिळवले आणि परीक्षेत २८ पडले, तर बेरीज ५२ होऊनही सर्टिफिकेट मिळत नाही. साठच्या वर ‘एलिट’ लिहून येतं, नव्वदला ‘गोल्ड’. साठच्या खालचं सर्टिफिकेट रेझ्युमेवर न टाकलेलंच बरं.

कोणता कोर्स घ्यायचा? एआय, ब्लॉकचेन वगैरे नावांनी भुलू नका. फ्रेशरच्या इंटरव्ह्यूत विचारतात ते कोडिंग, डेटा स्ट्रक्चर (प्रोग्रॅममध्ये माहिती रचून ठेवायच्या पद्धती) आणि डेटाबेस. सुरुवातीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून डेटा स्ट्रक्चर शिकवणारा आठ आठवड्यांचा कोर्स उत्तम. अगदी कोरी पाटी असेल तर आयआयटी रोपडचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग’ सोपा जाईल. सी भाषा पक्की करायची तर आयआयटी खरगपूरचे अनुपम बसू. शिकवणं इंग्रजीतच आहे. काही कोर्सचं मराठी भाषांतर मिळतं, पण परीक्षा इंग्रजीत असते हे धरूनच चाला. आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ असतात, डेटा पुरत नसेल तर कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्या.

प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटला मोबाइल चालत नाही. तो अट्टाहास सोडा आणि लॅबची वेळ मागून घ्या. पायथनमध्ये इनपुट घेताना कंसात ‘नंबर टाका’ असं वाक्य लिहिलं की ते वाक्यही आउटपुटमध्ये छापलं जातं, आणि बरोबर प्रोग्रॅमलाही मशीन चूक ठरवतं. इनपुटचा कंस रिकामा ठेवा. दुसरं म्हणजे ‘कंपाइल अँड रन’ दाबलं म्हणजे काम झालं नाही; ‘सबमिट’ दाबेपर्यंत मार्क शून्य. लपवलेल्या टेस्ट केस (प्रोग्रॅम तपासायची नमुना इनपुटं) मुदत संपल्यावर तपासतात, त्यामुळे दाखवलेल्या दोन-तीन केस पास झाल्या म्हणून हुरळून जाऊ नये. शून्य, ऋण संख्या, एकच घटक असलेली यादी, एवढं स्वतः तपासून बघा.

परीक्षा केंद्रावर, माणसांच्या देखरेखीखाली होते, हा आमच्या दृष्टीने मोठा गुण. कंपन्यांच्या घरबसल्या टेस्टमध्ये वेबकॅम चेहरा शोधत असतो, आणि चेहरा वाचणारी सॉफ्टवेअर सगळ्यांना सारखी वागवत नाहीत. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी २०१८मध्ये तीन कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखताना सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ती ०.८ टक्क्याच्या पुढे गेली नाही. तेव्हा घरून टेस्ट देताना खिडकीकडे पाठ करून बसू नका. ट्यूबलाइट किंवा टेबल लॅम्प समोर ठेवा, आणि ‘चेहरा दिसत नाही’ अशी सूचना आली तर तिचा स्क्रीनशॉट घेऊन लगेच मदतीच्या चॅटवर टाका. टेस्ट संपल्यावर केलेली तक्रार सहसा कुणी ऐकत नाही.

एनपीटेल काय देत नाही तेही सांगायला हवं. इंटरव्ह्यूचा सराव नाही, रेफरल (कंपनीतल्या कुणाची शिफारस) नाही, नोकरीची हमी तर नाहीच. ‘लग्नानंतर पुण्यात राहाल का?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच आठवड्याच्या व्हिडिओत नाही. ‘जॉइनिंगच्या तारखेला हजर असेन, लोकेशनची अडचण नाही’ एवढंच सांगा आणि बोलणं कामाकडे वळवा. जानेवारी हंगामातल्या बऱ्याच परीक्षा एप्रिलमध्ये, आखाजीच्या आसपास आणि ऐन उन्हात येतात. केंद्र लांब असेल आणि पर्याय असेल तर जुलैचा हंगाम घ्या.

लग्न-बाळंतपणामुळे गॅप पडलेल्यांना मात्र हे सर्टिफिकेट फ्रेशरपेक्षाही जास्त उपयोगी. त्यावर कोर्सचे महिने छापलेले असतात, त्यामुळे ‘मधली दोन वर्षं काय केलं?’ याला तारखेसकट उत्तर मिळतं. फक्त सर्टिफिकेट मागच्या हंगामाचं असू द्या, पाच वर्षांपूर्वीचं नको, आणि त्या कोर्समधले प्रोग्रॅम गिटहबवर (स्वतःचा कोड ठेवायची वेबसाइट) टाकून त्याची लिंक रेझ्युमेत त्याच ओळीत द्या.