जँगोच्या कमांडमधून डीएनएस सर्व्हर, की शेजारी पॉवरडीएनएस?

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर चालणाऱ्या तुमच्या सेवेच्या डेटाबेसात ग्राहक आहेत, त्यांची सबडोमेन आहेत, कोणतं सबडोमेन कोणत्या आयपीवर जायचं हेही आहे. मग डीएनएसची (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेची) उत्तरं तिथूनच द्यावीत असं वाटणं साहजिक आहे. त्याचा सर्वात जवळचा रस्ता म्हणजे एक मॅनेजमेंट कमांड (जँगोच्या प्रोजेक्टमधला, टर्मिनलवरून चालवायचा प्रोग्राम) लिहायची, तिच्यात पायथॉनचा थ्रेडेड यूडीपी सर्व्हर उभा करायचा आणि पॅकेट वाचण्या-बांधण्यासाठी डीएनएसलिब ही लायब्ररी वापरायची. दुसरा रस्ता म्हणजे पॉवरडीएनएस हा तयार डीएनएस सर्व्हर बसवून त्याला तुमच्याच पोस्टग्रेस डेटाबेसमधली टेबलं वाचायला लावायची.

आधी एक तपासून घ्या. सगळी सबडोमेन एकाच लोड बॅलन्सरवर जात असतील, तर या दोन्हींची गरज नाही. एक वाइल्डकार्ड नोंद (सगळ्या सबडोमेनना एकच उत्तर देणारी) पुरते, आणि कोणता ग्राहक आलाय हे जँगोला होस्ट हेडरवरून (रिक्वेस्टसोबत येणाऱ्या डोमेनच्या नावावरून) कळतंच. स्वतःचा सर्व्हर लागतो तो नावागणिक उत्तर बदलत असेल तेव्हा: वेगवेगळे आयपी, घरच्या कनेक्शनचा सतत बदलणारा पत्ता, किंवा लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेच्या वाइल्डकार्ड सर्टिफिकेटसाठी लागणारी टीएक्सटी (मजकुराची) नोंद. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट डीएनएसमधून पडताळणी झाल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे हे काम अनेकांच्या वाट्याला येतं.

निवड करताना मी एक गोष्ट सर्वात वर ठेवतो. उत्तर टेबलात तयार पडलेलं असतं, की प्रश्न आल्यावर पायथॉनच्या कोडने ठरवायचं असतं? तयार असेल तर पॉवरडीएनएस. ठरवायचं असेल तरच कमांडचा विचार करावा, आणि तोही पुढचा भाग नीट वाचून.

थ्रेड आणि डेटाबेसचं कनेक्शन

पायथॉनचा थ्रेडेड सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक पॅकेटसाठी नवा थ्रेड (त्याच प्रोग्रामात समांतर चालणारं काम) काढतो. जँगोचं डेटाबेस कनेक्शन थ्रेडनिहाय असतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रत्येक डीएनएस प्रश्नामागे पोस्टग्रेसशी नवं कनेक्शन उघडतं, आणि पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस काढतो. त्याची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची. कोणीतरी तुमच्या डोमेनवर अंदाजाने नावं विचारत सुटला, तर ती मर्यादा बघता बघता भरते आणि त्याच डेटाबेसवरची तुमची वेबसाइटही सोबत बसते.

वेब रिक्वेस्टमध्ये हे जाणवत नाही, कारण रिक्वेस्ट सुरू होताना आणि संपताना जँगो जुनी कनेक्शन स्वतः आवरतो. कमांडमध्ये रिक्वेस्टच नसते, त्यामुळे आवरणारं कोणी नसतं. कनेक्शन जास्त वेळ जिवंत ठेवायचं सेटिंग वाढवूनही फायदा नाही. थ्रेडच संपला तर जिवंत ठेवलेलं कनेक्शन वापरणार कोण?

उपाय आहेत. थ्रेडची संख्या ठरावीक ठेवा: सर्व्हरच्या क्लासमध्ये पॅकेट थ्रेडपूलकडे सोपवा, समजा आठ थ्रेड. मग कनेक्शनही आठच राहतात आणि पुन्हा पुन्हा वापरली जातात. प्रत्येक प्रश्नाआधी जुनी कनेक्शन बंद करणारं जँगोचं फंक्शन बोलवा, म्हणजे पोस्टग्रेस रीस्टार्ट झाल्यावर मेलेलं कनेक्शन धरून थ्रेड बसणार नाही. जँगो ५.१ पासून पोस्टग्रेससाठी कनेक्शन पूलही आतच मिळतो, पण काम झाल्यावर कनेक्शन परत करायची जबाबदारी कमांडमध्ये तुमचीच.

याहून चांगलं म्हणजे प्रश्नाच्या वाटेवर डेटाबेस ठेवूच नका. एक वेगळा थ्रेड दर काही सेकंदांनी नोंदी वाचून मेमरीतला डिक्शनरी बदलेल, आणि बाकीचे थ्रेड फक्त त्यातून वाचतील. डेटाबेस पाच मिनिटं बंद पडला तरी नावं सापडत राहतात. कमांडचाच रस्ता धरायचा असेल तर तो असा धरा, असं माझं ठाम मत आहे.

पॉवरडीएनएसला ही चिंता जवळपास नाही. तो ठरावीक कनेक्शन धरून ठेवतो आणि उत्तरं कॅशे करतो (थोडा वेळ लक्षात ठेवतो). मात्र त्याच कॅशेमुळे दुसरी अडचण येते. सापडलेली नोंद मुळात २० सेकंद आणि ‘नोंद नाही’ हे उत्तर ६० सेकंद लक्षात ठेवलं जातं. सर्टिफिकेटची टीएक्सटी नोंद लिहिण्याआधीच कोणी ते नाव विचारलं असेल, तर पुढचं मिनिटभर ‘नाही’ असंच उत्तर जाईल. अख्खा नवा झोन (एका डोमेनच्या नोंदींचा संच) थेट एसक्यूएलने टाकलात तर ४.५ पासूनच्या आवृत्त्यांत तो दिसायला ३०० सेकंदांपर्यंत लागू शकतात, कारण झोनची यादी वेगळी कॅशे होते. हे आकडे सेटिंगमध्ये कमी करता येतात. झोन त्याच्या एपीआयमधून तयार केला तर लगेच दिसतो.

प्रोटोकॉलच्या कडा

डीएनएसचे मूळ दस्तऐवज १९८७चे, आणि त्यांच्यावर तेव्हापासून थर चढत आलेत. पॉवरडीएनएसमध्ये त्यातले बहुतेक आहेत. कमांडमध्ये तुम्ही लिहाल तेवढेच.

यूडीपीवर उत्तराची मूळ मर्यादा ५१२ बाइट. त्याहून मोठं उत्तर असेल आणि विचारणाऱ्याने जास्त चालेल असं सांगितलं नसेल, तर उत्तर तोडल्याची खूण लावून पाठवायचं, म्हणजे तो टीसीपीवर परत विचारतो. टीसीपी सर्व्हर सुरूच केला नसेल तर तो प्रश्न तिथेच अडकतो. काही रिझॉल्व्हर (वापरकर्त्यांच्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) सुरक्षेसाठी नावातली अक्षरं मुद्दाम लहान-मोठी मिसळून पाठवतात. शोध लहान अक्षरांत करायचा, पण उत्तरात प्रश्न जसाच्या तसा परतवायचा. नाव आहे पण त्या प्रकारची नोंद नाही, आणि नावच नाही, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. आयपीव्ही६चा पत्ता विचारल्यावर ‘नावच नाही’ असं सांगितलंत, तर रिझॉल्व्हर त्या नावाचा आयपीव्ही४ पत्ताही नाही असं धरू शकतो. आपल्या झोनबाहेरचं काही विचारलं तर सरळ नकार द्यायचा.

मराठी ग्राहकांसाठी सेवा देणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. दुकानाचं नाव देवनागरीत दिलं, .भारत डोमेन असो वा नसो, तर डीएनएसच्या पॅकेटमध्ये देवनागरी येतच नाही. येतं ते त्याचं प्युनिकोड (इंग्रजी अक्षरं-अंकांत लिहिलेलं) रूप. डेटाबेसात देवनागरी नाव ठेवून त्यावरच शोध घेतलात तर काही सापडणार नाही. प्युनिकोडसाठी वेगळा रकाना ठेवा. पॉवरडीएनएसच्या टेबलालाही हेच लागू.

डीएनएससेक (उत्तरांवर डिजिटल सही) हवं असेल तर चर्चाच संपते: पॉवरडीएनएस घ्या.

मधला रस्ता

पॉवरडीएनएसला रिमोट बॅकएंड आहे. तो प्रत्येक नावासाठी तुमच्या जँगो व्ह्यूला एचटीटीपीने विचारतो आणि जेसनमध्ये उत्तर घेतो. टीसीपी, तोडलेली उत्तरं, कॅशे हे सगळं त्याच्याकडे. काय उत्तर द्यायचं हे पायथॉनमध्ये, नेहमीच्या रिक्वेस्टच्या चौकटीत. म्हणजे कनेक्शन आवरायचा प्रश्नही मिटतो. उत्तर कोडने ठरवायचं असलेल्या बहुतेकांना हाच रस्ता पुरेल. त्याचं कॉन्फिगरेशन समजून घ्यायला एखादी दुपार जाते, पण थ्रेडपूल जपत बसण्यापेक्षा ती कारणी लागते. वेगात मात्र तो थेट टेबल वाचण्याच्या मागेच राहणार.

मग कमांड कधी? ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर, टेस्टिंगमध्ये, प्रत्येक प्रश्न हीच एक घटना म्हणून नोंदवायची असते अशा साधनात, किंवा सर्टिफिकेटच्या पडताळणीपुरत्या छोट्या सबझोनसाठी. तिथे तिचा मोठा गुण दिसतो: तीच मॉडेलं, तेच सेटिंग, त्याच टेस्ट, आणि वेगळं काही बसवायचं नाही. ग्राहकांची मुख्य डोमेन तिच्यावर मी ठेवणार नाही. कोड डिप्लॉय करताना कमांड रीस्टार्ट होते, आणि तेवढ्या वेळात आलेले प्रश्न उत्तराविना जातात. दोन वेगळ्या मशीनवर दोन नेमसर्व्हर असतील तर ते निभतं, एकावर नाही.

चालवताना ५३ पोर्टसाठी अख्खी कमांड रूट म्हणून चालवू नका. लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या युनिटमध्ये फक्त खालच्या पोर्टची परवानगी द्या. उबुंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हडने लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर) ते पोर्ट आधीच धरलेलं असतं, म्हणून सर्व पत्त्यांवर बाइंड न करता सर्व्हरचा नेमका आयपी द्या. पुढे डीएनएसडिस्ट हा डीएनएसचा लोड बॅलन्सर ठेवलात तर एकाच आयपीवरून येणारा मारा तिथेच रोखता येतो. आणि मुख्य झोनमधून सबझोन इकडे वळवताना एनएस नोंदींचा (झोन कोणता सर्व्हर सांभाळतो ते सांगणाऱ्या) टीटीएल, म्हणजे लक्षात ठेवायचा काळ, दोन्हीकडे ३०० सेकंदच ठेवा. पहिल्या आठवड्यात कमांड नीट चालली नाही, तर त्या नोंदी पॉवरडीएनएसकडे वळवल्यावर बहुतेक रिझॉल्व्हर पाच मिनिटांत नव्या जागी येतील.