चिकू मिल्कशेकसाठी ५०० वॅटचा मिक्सर
गेले वर्षभर मी हा ५०० वॅटचा मिक्सर चिकू मिल्कशेकसाठी वापरत आहे आणि त्या कामापुरते माझे समाधान झाले आहे. भौगोलिक मानांकन लाभलेले घोलवडचे चार पिकलेले चिकू साल व बिया काढून आधी अर्धी वाटी दुधासह फिरवले आणि मगच उरलेले दीड वाटी थंडगार दूध घातले, तर गर एकजीव होतो, गुठळी राहत नाही आणि वर फिकट तपकिरी फेसाचा जाडसर थर येतो. साखर मला तरी लागत नाही. कच्चट चिकू मात्र घेऊ नये, त्याचा चीक घशाला तुरट लागतो. झाकणाची रबरी चकती सहा महिन्यांतच सैल होऊन दूध ओट्यावर उडू लागले, हे मला खटकले. बर्फाचे खडे या पात्यांना झेपत नाहीत, म्हणून दूधच आधी गार करावे.