शिरोधारा की पुष्पौषधी?

शिरोधारा म्हणजे कपाळावर कोमट तेलाची धार धरण्याचा आयुर्वेदिक उपचार, पुष्पौषधी म्हणजे फुलांच्या अर्कांचे थेंब. दोन्हींचं आश्वासन एकच: संपूर्ण मनःस्वास्थ्य. पुष्पौषधीचे जनक, इंग्रज डॉक्टर एडवर्ड बाख यांनी ३८ अर्क मनाच्या एकेका अवस्थेला नेमून दिले. आयुर्वेदाचार्य सुश्रुताच्या निरोगी माणसाच्या व्याख्येत मात्र प्रसन्न मन शेवटी येतं. आधी दोष (वात-पित्त-कफ), अग्नी (पचनशक्ती), धातू (रस-रक्तादी शरीरघटक) आणि मलक्रिया सम व्हाव्या लागतात.

पुष्पौषधी घ्यायला सोपी. ३० मिलीच्या बाटलीत पाणी, निवडलेल्या प्रत्येक अर्काचे दोन थेंब, त्यातले चार थेंब दिवसातून चारदा. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्क घातलेल्या साखरेच्या गोळ्या चिकटतात, म्हणून थेंबच बरे.

मला खटकते ती अर्काची निवड. कारण ठाऊक असलेल्या भीतीला मिम्युलस, कारण सापडत नसेल तर अ‍ॅस्पेन, डोक्यात घोळणाऱ्या विचारांना व्हाइट चेस्टनट. रात्री दोनला टक्क जागा असलेला माणूस हा भेद कसा करणार? शिवाय मनःस्थिती पालटली की मिश्रण बदला. म्हणजे दिवसभर स्वतःच्याच मनावर पहारा! आधीच कुरतडणाऱ्या मनाला हे नवं काम कशाला? प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसाशी, ताडून घेतलेल्या चाचण्यांतही या अर्कांचा वेगळा गुण दिसलेला नाही. तरी कुणाला बरं वाटत असेल तर माझी ना नाही.

शिरोधारेत तुम्ही फक्त पडून राहायचं. क्षीरबला किंवा ब्राह्मी तेलाची कोमट धार, कपाळापासून चार अंगुळं वरून, अर्धा-पाऊण तास, साधारण सात दिवस. खाली जमलेलं तेल पुन्हा कोमट करून भांड्यात घालतात. त्यात हयगय झाली की डोकं जड होतं, सर्दी धरते. धार फार उंचावरून पडली तर कपाळ ठणकतं. दुसऱ्याला वापरलेलं तेल नाही ना, हे विचाराच. रोज सकाळी पाहायचं एवढंच: झोप लागली का, भूक लागली का, पोट साफ झालं का. माझ्या अनुभवात झोपेतला फरक चौथ्या दिवसापासून कळतो.

गोव्यात कळंगुटच्या स्पामधल्या एका धारेवरून मात्र ही पद्धत जोखू नका. शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय किंवा धारगळची आयुर्वेद संस्था इथे आधी वैद्यांना दाखवा. धारेनंतर लगेच स्कूटर काढू नका. अर्धा तास पडून राहा, कान झाका, रात्री उकड्या तांदळाची पेज घ्या. ताप-पडसं असेल तर धारा पुढे ढकला.

मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींपैकी कशासाठीही त्या परस्पर बंद करू नका. जीव नकोसा वाटत असेल तर आधी १४४१६ (टेली-मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) लावा.