सोलर लीजवर की स्वतःच्या मालकीचं? कॅलिफोर्नियात घर असणाऱ्यांसाठी

दोन कोटेशनं हातात आहेत, एक लीजचं (सामान कंपनीचं, तुम्ही दरमहा हप्ता भरायचा) आणि एक खरेदीचं. पॅनल किती बसतात, बॅटरी कुठली, हे तुमचं ठरलेलं असेल असं धरून चालतो. बॅटरी हवी की नको हा वादही उकरत नाही. १५ एप्रिल २०२३ पासून अर्ज करणाऱ्यांना पीजीअँडई, एडिसन आणि सॅन डिएगोच्या वीज कंपनीकडे नेट बिलिंग (ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला कमी दराने धरायची पद्धत) लागू झालं, दुपारची वीज ग्रिडला देऊन फारसं काही हाती लागत नाही, त्यामुळे बॅटरी आलीच. प्रश्न एवढाच, की छपरावरच्या सामानाचा मालक कोण असावा.

मी विकत घेतलं, तेही साठवलेल्या पैशांतून. तेव्हा ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट मिळायचं, म्हणजे खर्चाचा तेवढा भाग केंद्राच्या आयकरातून वजा व्हायचा. आता ते गेलं. ३१ डिसेंबर २०२५ नंतर स्वतःच्या घरावर केलेल्या सोलरच्या खर्चाला ही सवलत नाही. लीज देणाऱ्या कंपनीला मात्र व्यावसायिक सवलत अजून काही काळ मिळू शकते आणि तिचा थोडाफार भाग हप्त्यात उतरतो. म्हणजे लीजचं पारडं माझ्या वेळेपेक्षा आज बरंच जड आहे. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

कागदांच्या बाबतीत कॅलिफोर्निया बरी आहे. लीज असो की खरेदी, कराराच्या पहिल्या पानावर कॉन्ट्रॅक्टर परवाना मंडळाच्या नमुन्यातलं खुलासापत्रक लावावंच लागतं. शिवाय वर सांगितलेल्या तीन वीज कंपन्यांचे ग्राहक असाल तर युटिलिटीज कमिशनची (वीज कंपन्यांवरच्या राज्याच्या नियामकाची) ग्राहक मार्गदर्शिका वाचून सही करावी लागते, त्याशिवाय जोडणी मिळत नाही. मार्गदर्शिका लांबलचक आहे, सेल्समन टॅबलेटवर भराभरा पुढे सरकवतो. सरकवू देऊ नका. खुलासापत्रकात तर एकच रिकामी जागा बघायची: एकूण किंमत. ती फायनान्सिंगचा आणि विजेचा खर्च धरून लिहायची असते.

लीजमध्ये त्या आकड्याला फार महत्त्व आहे, कारण सेल्समन बोलतो ते पहिल्या वर्षाच्या हप्त्याबद्दल. समजा हप्ता १५० डॉलर आहे आणि दरवर्षी २.९ टक्के वाढ लिहिली आहे. पंचविसाव्या वर्षी तोच हप्ता २९८ डॉलरच्या आसपास जातो आणि पूर्ण मुदतीत तुम्ही जवळजवळ ६५ हजार डॉलर भरलेले असता. वीजदर याहून वेगाने वाढतील, असं त्यावरचं ठरलेलं उत्तर असतं. वाढतीलही. पण तो अंदाज आहे आणि हप्त्यातली वाढ लेखी आहे. वाढ नसलेलं लीजही मिळतं, पहिला हप्ता थोडा जास्त असतो. लीजच घेणार असाल तर तेच मागा.

तरीही पैशांच्या हिशेबावर मी कदाचित लीज घेतलं असतं. माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच.

माझ्या मेव्हण्याच्या घरावर लीजचं सोलर आहे. व्याजदर उतरले तसं त्याने रिफायनान्स (जुनं गृहकर्ज फेडायला नवं कर्ज) काढलं आणि टायटल रिपोर्टमध्ये, म्हणजे घराच्या मालकीच्या अहवालात, एक ओळ निघाली: यूसीसी-१ फिक्स्चर फायलिंग. लीज कंपनीने काउंटीच्या दप्तरात केलेली नोंद, की या छपरावरचं सामान आमचं आहे. कंपनी म्हणते हा बोजा सामानावर आहे, घरावर नाही. कायद्याच्या दृष्टीने ते ठीकच असेल. बँकेला त्याचं काय? ती म्हणाली, आधी नोंद काढा. कंपनी म्हणाली, फॉर्म भरा, फी भरा, कर्जाचं काम उरकेपर्यंत तात्पुरती काढतो, मग परत चढवतो. हे काम बघणारा विभाग फोन घेत नाही, फक्त ईमेल. दर वेळी उत्तर वेगळ्या माणसाचं, आणि प्रत्येकाला तेच पीडीएफ नव्याने पाहिजे. तोवर व्याजदराच्या लॉकची (बँकेने ठरलेला दर धरून ठेवायची) मुदत संपत आली आणि ती वाढवायला मेव्हण्याने वर पैसे भरले. तो शांत गडी आहे, "झालं ना शेवटी" म्हणतो. ती ईमेलची साखळी मी वाचली आणि माझ्या टेबलावर सहीसाठी पडलेला लीजचा करार काढून त्यात या नोंदीचं कलम शोधलं. होतं. किती दिवसांत नोंद काढून देणार, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

माझं घर, माझं कर्ज, आणि मध्ये तिसऱ्याची परवानगी. मला हे झेपणारं नव्हतं. घर विकतानाही तेच: घेणाऱ्याने लीज स्वतःच्या नावावर घ्यायचं, नाहीतर तुम्ही उरलेली रक्कम मोजून मोकळं व्हायचं. छप्पर बदलताना पॅनल उतरवायचे तरी आधी कंपनीला विचारा.

खरेदी म्हणजे लगेच सुटका असंही नाही. सोलरसाठी खास कर्ज देणारेही अशीच नोंद करतात. वर डीलर फी (कर्ज देणाऱ्याचं शुल्क) मूळ किमतीत मिसळलेली असते, ती वेगळी दिसत नाही. रोख भाव लेखी मागून दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं. रोख जमत नसेल, तर अशा कर्जापेक्षा वाढ नसलेलं लीज बरं, असं माझं मत.

दुरुस्तीत लीजची बाजू खरंच चांगली आहे. इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) गेला तर लीज कंपन्या साधारणपणे बदलून देतात, माझा गेला तर वॉरंटीच्या मागे मी धावणार. मात्र सनपॉवर ऑगस्ट २०२४ मध्ये आणि सनोव्हा जून २०२५ मध्ये, या दोन मोठ्या सोलर कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. पंचवीस वर्षांचं सेवेचं आश्वासन वाचताना ही दोन नावं आठवावीत.

लीज घ्यायचं ठरलंच, तर सहीआधी दोन गोष्टी लेखी घ्या: रिफायनान्ससाठी नोंद किती दिवसांत काढून देणार, आणि दरवर्षीची बायआउट किंमत, म्हणजे मध्येच सामान विकत घेऊन मोकळं व्हायचं तर किती. सही घरी डायनिंग टेबलावर केली असेल तर करार रद्द करायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. सही करणारे ६५ किंवा त्याहून जास्त वयाचे असतील तर पाच. आईबाबांच्या नावावर घर असेल तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा.