घरची छोटी भट्टी घ्यावी की स्टुडिओत भाजून आणावं? (सिरॅमिकचे दागिने करणाऱ्यांसाठी)

सिरॅमिकचे कानातले, पेंडंट घरून करणाऱ्यांचं घोडं शेवटी एकाच ठिकाणी अडतं, माल भाजायचा कुठे. वळायला डायनिंग टेबल पुरतं, ग्लेझ (वरचा चकचकीत थर) लावायला बाल्कनी पुरते, पण भाजायला हजार अंशाच्या वरचं काहीतरी लागतंच. (ओव्हनमध्ये ११०-१३० अंशाला होतं ते पॉलिमर क्ले, तो वेगळा विषय, त्यात आत्ता जात नाही.) आम्ही दोघी मैत्रिणी धुळ्यात देवपूरला हा उद्योग करतो. आधी नाशिकच्या एका स्टुडिओत पैसे भरून भाजून आणायचो, आता घरातच भट्टी आहे. बऱ्याच जणी मेसेज करून विचारतात की घेऊ का नको, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

स्टुडिओची बाजू आधी, कारण सुरुवात करणाऱ्याला मी अजूनही तेच सांगेन. पैसे अडकत नाहीत, जेवढा माल तेवढं भाडं. भट्टी चालवणारा माणूस मुरलेला असतो, तुकडा हातात घेतला की सांगतो हे अजून ओलं आहे, आत ठेवलं तर फुटेल. आणि बहुतेक स्टुडिओ स्टोनवेअर भाजतात, म्हणजे १२२० अंशाच्या वर, त्यामुळे तो माल दगडासारखा कडक होतो, फरशीवर पडला तरी बऱ्याचदा वाचतो. आमचा आत्ताचा माल एवढा मजबूत नाही, हे मान्य करायलाच पाहिजे.

प्रवासाचं लोक फार घाबरवतात, मला ते तेवढं मोठं वाटलं नाही. सुकलेला कच्चा माल बिस्किटापेक्षा ठिसूळ असतो हे खरं, आणि मालेगाव-चांदवड करत एसटीने जायचं म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव खालीवर होतो, पण गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस मिठाईच्या खोक्यात थरावर थर घालून भरला की फारसं काही तुटत नाही. कापसाचे तंतू मालाला चिकटतात, चिकटू द्या, भट्टीत जळून जातात. खान्देशात राहून बबल रॅप विकत घ्यायचा म्हणजे अतीच.

वाट बघणं हा त्रास आहे पण तोही सहन होण्यासारखा. स्टुडिओची भट्टी मोठी, ती भरल्याशिवाय ते लावत नाहीत, त्यांचंही बरोबरच आहे, आपल्या मूठभर कानातल्यांसाठी कोण एवढी वीज जाळेल.

मला जे खटकलं ते वेगळंच, आणि ते कुठल्याच तुलनेत वाचायला मिळालं नव्हतं. कानातल्याची मागची बाजू.

होतं काय, की ग्लेझ म्हणजे शेवटी काच, भट्टीत ती वितळते आणि ज्याला टेकलेली असेल त्याला चिकटून बसते. म्हणून शेल्फवर आडवा ठेवलेला तुकडा खालून कोरा ठेवावा लागतो. कप-बशीला चालतं, बुडाला कोण बघतंय. दागिन्याला दोन्ही बाजूंनी ग्लेझ हवं असेल तर तो तारेवर टांगून भाजायचा, उष्णता सोसणारी निक्रोम किंवा कँथलची तार दोन खांबांच्या मध्ये ताणायची आणि त्यावर कानातले ओळीने लटकवायचे. आता दुसऱ्याच्या भट्टीत हे सांगून बघा. आमच्या स्टुडिओवाल्यांनी गोड बोलून पण ठाम नकार दिला, एवढ्या उष्णतेला तार मऊ पडते, वाकते, आणि आमचा एखादा मणी खाली कोणाच्या बाऊलवर पडला की तो बाऊल गेला आणि शेल्फही गेलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

मग आमचे सगळे कानातले पुढून चकचकीत आणि मागून कोरे, खरखरीत. स्टोनवेअर पाणी फारसं पीत नाही, तरी खरखरीत पाठ पावडर, तेल, मळ धरते, आणि पांढरी क्ले असली की चार वेळा घातल्यावर ते दिसायला लागतं. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांनी कधी काही म्हटलं नाही, त्यांना उलट 'रॉ फिनिश' म्हणून आवडायचं. पण आपल्याकडे शेजारी जळगावचं सोनं आहे. आपली बाई दागिना हातात घेते तो आधी उलटा करते, छाप कुठे आहे, डाग कसा दिलाय, मळसूत्र कसं आहे. आग्रा रोडच्या एका स्टॉलवर एका मावशींनी आमचा झुमका असाच उलटा केला, अंगठा मागून फिरवला, "हाई मातीनं शे का वं?" म्हणाल्या आणि खाली ठेवून दिला. पुढून तो आमचा सगळ्यात देखणा पीस होता. असं वारंवार व्हायला लागलं तेव्हा माझं मन भट्टीकडे झुकलं.

घरी आता आम्ही १०५० अंशाच्या आसपासची क्ले आणि ग्लेझ वापरतो, दोन्ही उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून मागवतो. या तापमानाला तार बऱ्यापैकी ताठ राहते, फक्त ओळ लांब ठेवायची नाही आणि मधे जड झुमके टांगायचे नाहीत. भोकातलं ग्लेझ टूथपिकने निपटून काढावं लागतं, नाहीतर कानातलं कायमचं तारेवरच राहतं. भोक नसलेले स्टड काट्यांच्या स्टँडवर ठेवायचे, मागे सुईच्या टोकाएवढी खूण राहते ती दगडावर घासली की संपलं. पाठ पोटासारखीच गुळगुळीत. शिवाय कमी तापमानाला लाल-केशरी रंग झकास उठतात, लग्नसराईत आणि नवरात्रात तेच खपतात.

भट्टीचे त्रास नाहीत असं नाही. पैसे एकरकमी जातात, सेकंडहँड स्कूटीएवढे धरा. वीज वाटते तेवढी खात नाही, दोन किलोवॅटची भट्टी सहा तास सलग ओढत राहिली तरी १२ युनिट, आणि कंट्रोलर मधे मधे बंद-चालू करतो म्हणून प्रत्यक्षात कमीच. पण महिन्याचं मीटर ३०० युनिटच्या पुढे गेलं की वरच्या युनिटचा दर चढतो, आणि उन्हाळ्यात कूलर आधीच चालू असतो, तेव्हा तो हिशोब आपापला करा. लाईट जाण्याची भीती मला होती, ती निम्मी खोटी निघाली. पहिल्या, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या भाजणीत गेली तर काही बिघडत नाही, परत लावायची. ग्लेझच्या भाजणीत अगदी वर पोचताना गेली तर मात्र रंगाचा भरवसा नाही.

मे महिन्यात भट्टी रात्रीच लावायची, पारा ४४ वर असताना दुपारी घरात भट्टी पेटवली तर घरचेच बाहेर काढतील. आणि ३०० ते ६०० अंशाच्या दरम्यान वास येतो, क्लेमधलं काहीबाही जळत असतं, खिडकी उघडी हवीच. बाकी आपल्या उन्हात पातळ कानातले वाळताना कडेने वळतात तो त्रास दोन्हीकडे सारखाच, प्लॅस्टिक झाकून हळू वाळवा, वर हलकं वजन ठेवा.

तर तुम्ही मोठे पेंडंट करत असाल, रॉ फिनिश हीच तुमची स्टाईल असेल, किंवा ऑर्डर अजून मैत्रिणी-नातेवाइकांपुरत्या असतील, तर स्टुडिओ खरंच वाईट नाही, मजबुतीत तर तो पुढेच आहे. पण झुमके, मणी, स्टड असं दोन्ही बाजूंनी दिसणारं काम असेल आणि माल आपल्याच भागात विकायचा असेल, तर मला तरी भट्टीशिवाय पर्याय दिसत नाही. ज्याची त्याची गरज वेगळी, हे आहेच.

घ्यायचं ठरलं तर आधी वायरमनला बोलवा, सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, त्याला स्वतःचा एमसीबी आणि अर्थिंग तपासून घ्या, मगच भट्टीचा अ‍ॅडव्हान्स द्या. आणि पहिल्या दिवशी कितीही उत्सुकता असली तरी झाकण पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, आमच्याकडे सकाळी सातला जी आधी उठते तिला आतलं बघायचा मान, यावरून भांडणं होतात ती वेगळी.