आजीच्या मे महिन्यातल्या शिकवणीसाठी पेटी: ४२ पट्ट्यांची साधी डबल रीड

मे महिन्यात कोकणातल्या घरी नातवंडं उतरतात आणि घरात गाणारी आजी असेल तर न्याहारी आटोपली की माजघरात शिकवणी बसते. या शिकवणीला कुठली पेटी (हार्मोनियम) घ्यावी, एवढ्याच प्रश्नाचं हे परीक्षण. कुठल्याही एका कारखान्याची पेटी आम्ही तोललेली नाही. तोलला आहे तो प्रकार: साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, खर्ज (खालच्या आवाजाचा) आणि नर (मधल्या आवाजाचा) असे सुरांचे, म्हणजे आतल्या पितळी जिभांचे, दोन संच, स्केल न बदलणारी, घड्यांच्या भात्याची. किनाऱ्यावरच्या घरासाठी, सत्तरीतल्या हातांसाठी आणि सात ते चौदा वयाच्या पोरांसाठी हीच घ्या. पाचपैकी चार तारे. पाचवा दिला नाही, कारण पावसाळ्यात हिलाही जपावं लागतंच.

पहिला वाद स्केल चेंजरचा, म्हणजे पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणाऱ्या पेटीचा. दुकानदार तीच पुढे करतो, कारण ती महाग असते आणि दिसायला भारी. युक्तिवाद पटण्यासारखाही वाटतो: आजीचा स्वर वयाने उतरून पांढरी चार किंवा काळी तीनवर (सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजायच्या) आलेला, नात काळी पाचला गाते, आवाज फुटलेला मोठा नातू काळी एकला. पट्ट्यांची चौकट सरकवली की आजीची बोटं तीच राहतात आणि स्वर बदलतो. पण ही चौकट सरकायला तिच्या आणि सुरांच्या पाटाच्या मध्ये फट ठेवावी लागते आणि मे-जूनच्या दमट हवेत लाकूड फुगलं की तीच फट आधी बिघडते. चौकट अडकते, नाहीतर पट्टी दाबल्यावर झडप नीट उघडत नाही आणि स्वर घुसमटतो. असलं काम गावातला सुतार करू शकत नाही, त्यासाठी पेटीचा कारागीरच लागतो. वजन वाढतं ते वेगळंच. माडीवरून खाली आणि खालून माडीवर पेटी न्यायची ती शेवटी पोरांनीच.

खरं कारण मात्र शिकवण्याचं आहे. साध्या पेटीवर स्वर बदलला की बोटं बदलावी लागतात आणि त्यातूनच मुलांना सप्तक कळतं. काळी तीनला सा धरा. काळी तीन, चार, पाच, पुढच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन: सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर. एकाही पांढऱ्या पट्टीला हात लागत नाही. आठ वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत भूपाचा आरोह वाजवता येतो आणि काळी तीन हा स्वर आजीलाही झेपतो, लहान मुलांनाही.

पुढची गंमत अशी की पट्ट्या याच पाच ठेवायच्या आणि फक्त सा हलवायचा. काळी एकला सा धरला की दुर्गा. काळी दोनला धरला की धानी. काळी चारला मधमाद सारंग. काळी पाचला मालकंस. एकाच पाच काळ्यांतून पाच राग निघतात. मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून सा हलवणं, समजावायला याहून सोपं साधन नाही. स्केल चेंजरवर चौकट सरकवून हे सगळं झाकून टाकायचं आणि मग फळ्यावर समजावत बसायचं, यात काय मिळवलं? नुसते स्वर म्हणजे राग नव्हे, चलन, म्हणजे रागाची चाल, आजीने गाऊनच दाखवायचं. पण दार तरी उघडतं.

४२ पट्ट्याच का, ३९ का नाहीत? हिशेब साधा आहे. ३९ पट्ट्यांची पेटी पांढरी एकपासून सुरू होऊन वर पांढरी दोनला संपते. मधल्या सप्तकातल्या काळी तीनला सा धरला तर तार पंचम (वरच्या सप्तकातला प) काळी एकवर येतो, म्हणजे तिथवर ती पुरते. काळी चारला धरला तर तीव्र मध्यमावरच पट्ट्या संपतात. काळी पाचला तार गंधारावर. ४२ची पेटी पांढरी चारपर्यंत जाते आणि काळी पाचवाल्या नातीला तार पंचम अगदी शेवटच्या पट्टीवर मिळतो. त्या तीन पट्ट्यांसाठी पेटी जेमतेम दोन बोटं लांब होते.

सुरांचे संच दोनच घ्या. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत पेटीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळं. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, मृदंग, चकवा, झांज आणि वर कोरस, यातून बुवांची पेटी ऐकू जायला हवी, म्हणून खर्ज-नर-मादी अशा तीन संचांच्या, टोकदार आवाजाच्या पेट्या इथल्या बाजारात जास्त दिसतात. त्या कामाला त्या उत्तमच. घरात दोन हातांवर बसलेल्या मुलाच्या कानाला मात्र तो आवाज जास्त होतो, आणि मूल स्वर ऐकून लावण्याऐवजी पेटीवर ओरडायला लागतं. शिकवताना नर एकटाच उघडा ठेवा. खर्ज फक्त समूहगानाला. ड्रोनचे (एकच स्वर अखंड धरणारे) चार-पाच खुंटे आणि कंपाचा (आवाज थरथरवणारा) खुंटा नसलेली पेटी मिळाली तर आनंदाने घ्या. प्रत्येक खुंट्यामागे एक भोक आणि एक चामड्याची झडप असते आणि दमट हवेत हवा गळायला लागते ती अशाच जागांतून.

घड्यांचा भाता हलका चालतो. एका बाजूला बिजागरी असलेल्या भात्याला मनगट जास्त लावावं लागतं आणि संधिवात असलेल्या बोटांना ते अर्ध्या तासातच जाणवतं. घड्या जास्त म्हणजे चिकटवलेले सांधे जास्त, हे या भात्याचं उणं. झुरळं खातात ती तिथलीच खळ. आजीला मांडी घालून बसणं जमत नसेल तर पेटी चौरंगावर आणि आजी बुटक्या खुर्चीवर, असं जमवा. कोपर पट्ट्यांच्या किंचित वर राहिलं पाहिजे. जेवणाचं टेबल त्यासाठी उंच पडतं, खांदे दुखतात.

दुकानात पेटी पारखताना वाजवून बघण्याआधी न वाजवता बघा. खुंटे उघडा, पट्टीला हात न लावता भाता मारा. आतला भाता भरला की बाहेरचा हाताला अडला पाहिजे. तो मऊ पडून आपोआप बसत गेला तर हवा गळते आहे. कुठलाही स्वर आपोआप बोलत असेल तर त्या पट्टीखालची झडप नीट बसलेली नाही. मग एकेक पट्टी अगदी हलक्या भात्यावर वाजवा, आधी नुसता नर, मग नुसता खर्ज. जो स्वर उशिरा उठतो तो सूर पुढे त्रास देणार. शेवटी दोन्ही उघडून लांब स्वर धरा. आवाजात लाटा आल्या तर खर्ज-नर एकमेकांशी जुळलेले नाहीत. स्वर ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर मिळवलेला आहे का, हे स्पष्ट विचारा, कारण तानपुऱ्यासाठी घरात आता मोबाइलच असतो आणि बहुतेक अॅप ४४० धरून चालतात. आजोबांच्या वेळची पेटी असेल तर ती वर किंवा खाली असू शकते. तेव्हा पेटीला हात लावू नका, अॅपमध्ये बारीक फरक करून तानपुरा पेटीला मिळवा.

किंमत आजच्या घडीला साधारण पंधरा ते पंचवीस हजार, सुरांच्या प्रतीवर अवलंबून. गुजरातेतल्या पालितान्याच्या सुरांची पेटी पुढे दुरुस्तीला सोपी जाते, कारागिरांचा हात त्यावर बसलेला असतो. बाहेरच्या पॉलिशला पैसे देऊ नका.

एक मर्यादा मात्र पेटीच्या जातीतच आहे. तिचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात, त्यामुळे शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा पडतो आणि दोन पट्ट्यांमधली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, तर निघतच नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली आणि पुढे तीसेक वर्षं ती बंदच राहिली, त्यामागे हाही आक्षेप होता. घरच्या शिकवणीत याला उपाय आहे: पेटीवर स्वर दाखवायचा, हात उचलायचा आणि मुलाने तो तानपुऱ्यावर धरून ठेवायचा. पेटी सतत साथीला वाजत राहिली तर मुलाचा कान तयारच होत नाही. जाणत्या आज्या हे सांगावं न लागता करतात. पालकांनी व्हिडिओ काढताना ‘आजी, पेटी वाजवत राहा ना’ असा आग्रह धरू नये.

दुपारी ऊन चढल्यावर गळे थकतात आणि कागद-रंग बाहेर येतात, तेव्हाही पेटी कामाला येते. ड्रॉइंग पेपरची लांब पट्टी पेटीपुढे धरून मुलांनी प्रत्येक पट्टीच्या कडेला पेन्सिलीने खूण करायची आणि पूर्ण मापाचा पट काढायचा: २५ पांढऱ्या, १७ काळ्या. एक कागद पुरत नाही, दोन जोडावे लागतात. मग पाच रागांच्या सांना पाच रंग. हा पट भिंतीवर लावला की पट्ट्यांवर स्टिकर लावायची गरज राहत नाही. स्टिकरचा गोंद उकाड्यात पाझरतो आणि पट्ट्या एकमेकींना धरतात. दुसरा खेळ चित्रकथीचा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं एकामागून एक दाखवत कथा गायची, असा तो प्रकार. मुलांनी सात-आठ चित्रं काढावीत, एकाने दाखवावीत, आजीने नर एकटा उघडून नुसता सा-प धरावा आणि बाकीच्यांनी गात गात सांगावं. पिंगुळीला एक फेरी आधी मारून आलात तर मुलं प्रसंग कसे बांधायचे ते बघूनच शिकतात.

आता हवा. मे महिन्यात सगळ्यात जास्त बिघडते ती पट्टी: दाबली की खालीच राहते. लाकूड फुगून ती शेजारणीला घासत असते. पेटी उन्हात ठेवू नका, सुरांचा पाट तडकतो आणि सांधे सुटतात. झाकण उघडून दोन दिवस पंख्याखाली ठेवा. तरी अडली तर पट्टी काढून जिथे चकाकी आली असेल तिथे बारीक पॉलिश पेपरचे एक-दोन हात द्या, जास्त नको. पावसाळा सरून हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं आणि पट्टी खुळखुळते.

दुसरी तक्रार, स्वर एकाएकी बंद होणं. बहुतेक वेळा जिभेखाली कचरा असतो. पातळ ब्लेडने सुराच्या जिभेचं सुटं टोक केसभर उचला, फुंकर मारा, सोडा. वाकवू नका. टोकाकडे खरवडलं तर स्वर चढतो, मुळाकडे खरवडलं तर उतरतो, म्हणून ब्लेडचा ओरखडासुद्धा पेटी बेसूर करतो. पितळेवर हिरवट कळंक दिसला तर लिंबू-चिंच लावू नका, काम कारागिराचं आहे.

आणि फणस. गरे खाऊन मुलं तशीच पेटीवर बसतात, चीक पट्टीच्या कडेला लागतो, त्यावर धूळ बसते आणि दोन पट्ट्या जोडीने खाली जातात. फडक्याला खोबरेल तेलाचा थेंब लावून, फडकं बोटाभोवती गुंडाळून, पट्टीच्या वरून पुसा. लगेच कोरड्या फडक्याने तेल टिपून घ्या. तेल फटीत उतरता कामा नये, झडपेचं चामडं ते पितं आणि कडक होतं. थिनर लावला तर पट्टीवरचं प्लॅस्टिक पांढरं पडतं.

ठेवायची जागा माजघराची आतली भिंत. पडवीत खारा वारा येतो आणि पट्ट्यांखालच्या पोलादी तारांना आधी गंज धरतो. सारवलेल्या जमिनीवर सरळ टेकवू नका, खाली पाट हवा. वर जुन्या लुगड्याची घडी चालते, प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा, पट्ट्यांना लागू देऊ नका. कपाटात दिवा लावून ठेवायची जुनी युक्ती तारेच्या बल्बनेच साधते, एलईडीची ऊब पुरत नाही. पावसात आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं सगळ्या पट्ट्या वाजवल्या तर चामडं हलतं राहतं.

कारागिराकडे पेटी द्यायची तर मुलं यायच्या आधी, चैत्रातच द्या. श्रावण लागला की गणपतीच्या भजनांसाठी गावोगावच्या पेट्या त्याच्या दारात येतात आणि घरच्या पेटीला नंबर लागत नाही. देताना बिघडलेल्या पट्ट्यांचे आकडे डावीकडून मोजून चिठ्ठीवर लिहा, नर की खर्ज तेही लिहा आणि चिठ्ठी झाकणाच्या आतून चिकटवा.