मार्टिनिकचं कस्टम्स: फॉर्म तुम्हीच भरा, शिक्का घ्या, गावात जा

आमच्या शिडाच्या बोटीवर कागदपत्रांचं काम माझ्याकडे असतं. पूर्व कॅरिबियनमध्ये जवळजवळ प्रत्येक बेट म्हणजे वेगळा देश, त्यामुळे वीस-पंचवीस सागरी मैल गेलं की पुन्हा कस्टम्स, पुन्हा इमिग्रेशन. या सगळ्यात मार्टिनिक या फ्रेंच बेटाची पद्धत मला सर्वांत जास्त आवडते. पाचपैकी साडेचार गुण.

सेंट लुशियाहून उत्तरेला निघालात की सहसा पहिला मुक्काम मार्टिनिकच्या दक्षिणेकडच्या ल मारँ गावाच्या खाडीत पडतो. आत शिरताना उथळ जागा आहेत, खुणांच्या मधूनच या. नांगर टाकायचा, पिवळा क्यू झेंडा (अजून कस्टम्स व्हायचं आहे ही खूण) वर, आणि कप्तानाने सगळ्यांचे पासपोर्ट व बोटीची नोंदणी घेऊन डिंगीने, म्हणजे छोट्या होडीने, मरिनाच्या (बोटींच्या धक्क्याच्या) ऑफिसात जायचं. तिथे कस्टम्सचा अधिकारी नाही, एक कॉम्प्युटर आहे. बोटीचं नाव, झेंडा, नोंदणी क्रमांक, लांबी, आधीचं बंदर, पुढचं बंदर, माणसांची यादी असं सगळं आपणच भरायचं. प्रिंट काढायची, काउंटरवरच्या माणसाकडून शिक्का घ्यायचा, थोडेफार युरो द्यायचे. संपलं. इतर गावांत हाच कॉम्प्युटर बोटींच्या सामानाच्या दुकानात नाहीतर एखाद्या कॅफेत ठेवलेला असतो. ग्वाडलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटावरही अशीच सोय आहे.

या सोयीची किंमत शेजारच्या इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवर जाऊन आल्याशिवाय कळत नाही. तिथे कस्टम्सची खिडकी वेगळी, इमिग्रेशनची वेगळी, कुठे बंदर खात्याची तिसरी. कप्तान परत येईपर्यंत बाकीच्यांनी बोटीवरून उतरायचं नाही. ऑफिसची वेळ टळली किंवा शनिवार-रविवार आला की ओव्हरटाइमचे पैसे वेगळे. सेलक्लिअर नावाच्या वेबसाइटवर माहिती आधी भरता येते आणि ती जरूर भरा, बराच वेळ वाचतो. पण खिडकी चुकत नाही. डॉमिनिकाचं मात्र कौतुक करायला हवं. दोन आठवड्यांच्या आत निघणार असाल तर तिथे येण्याचं आणि जाण्याचं क्लिअरन्स, म्हणजे अधिकृत परवानगी, एकाच वेळी देतात.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल. कीबोर्ड फ्रेंच असतो. एच्या जागी क्यू, झेडच्या जागी डब्ल्यू, एम सरकून एलच्या शेजारी. वरच्या ओळीतले आकडे शिफ्ट दाबल्याशिवाय उमटत नाहीत, पूर्णविरामालाही शिफ्ट लागते. रात्रभर खवळलेल्या समुद्रातून आलेला माणूस पासपोर्ट नंबर भरायला बसतो आणि पडद्यावर भलतीच चिन्हं येतात. उपाय सोपा आहे: बसल्याबरोबर कॅप्स लॉक चालू करा. नावं मोठ्या अक्षरांत येतात आणि आकडेही सरळ उमटतात. ईमेलमधलं ॲटचं चिन्ह उजव्या ऑल्ट-जीआर बटणाबरोबर शून्य दाबून मिळतं. माणसांची यादी मी बोटीवरच कागदावर करून नेते: आडनाव, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, त्याची मुदत. मागे रांग असली तरी मग घाई होत नाही. प्रिंट काढण्याआधी प्रत्येक नंबर पासपोर्टशी ताडून पाहा, कारण हा कागद पुढच्या बेटावरचा अधिकारी बारकाईने वाचतो.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. मार्टिनिक फ्रान्सचा भाग आहे, युरोपीय संघाच्या कस्टम्स हद्दीत आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यामुळे नुसत्या शेंगेन व्हिसाच्या भरवशावर निघू नका. फ्रान्सच्या या कॅरिबियन भागांसाठी चालेल असा स्पष्ट उल्लेख व्हिसावर सहसा लागतो, आणि तो अर्ज करतानाच मागून घ्यावा लागतो. कॉम्प्युटर व्हिसा विचारत नाही, दुकानदारही विचारत नाही. म्हणून नियम नाही असं होत नाही. दुकानातला शिक्का त्या छापील फॉर्मवर बसतो, पासपोर्टवर नाही. व्हिसाचे दिवस मोजले जात असतील तर पासपोर्टवर शिक्का घेण्यासाठी सीमा पोलिसांकडे जाण्याची तयारी ठेवा.

फॉर्म आपण भरतो म्हणजे तपासणी नाहीच, अशी समजूत काही बोटवाल्यांची असते. ती चुकीची आहे. फ्रेंच कस्टम्सच्या गस्ती बोटी या पाण्यात फिरत असतात, बोटीवर चढून कागद बघतात. मला हे अगदी योग्य वाटतं. आधी विश्वास ठेवायचा आणि मग अधूनमधून पडताळायचं, यात सरकारचाही वेळ वाचतो आणि आपलाही. पण ही सोय आपल्या खऱ्या माहितीवर उभी आहे. पाहुण्याचं नाव यादीत न घालणं, पोहोचल्यावर दोन दिवसांनी फॉर्म भरायला जाऊन आजच आल्याची तारीख टाकणं, असं कुणी करताना दिसलं की मला मनापासून राग येतो. अशांमुळे एक दिवस तिथेही तीन खिडक्या उघडतील.

अर्धा गुण कापला तो वेळांसाठी. कॉम्प्युटर दुकानात म्हणजे दुकान बंद तर क्लिअरन्सही बंद. दुपारी जेवणाची सुट्टी लांबलचक, रविवारी बऱ्याच ठिकाणी कुलूप. एका गावात तर प्रिंटरची शाई संपली होती आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत मिळणार नव्हती. आम्हाला पुढच्या बंदरात जाऊन फॉर्म भरावा लागला.

निघतानाचा फॉर्म तर अजिबात विसरू नका. त्याच कॉम्प्युटरवर येण्याऐवजी जाण्याचा पर्याय निवडायचा, बाकी सगळं तेच. हा कागद नसेल तर सेंट लुशिया किंवा डॉमिनिकाच्या खिडकीवर पहिला प्रश्न त्याचाच येतो. सोमवारी पहाटे निघायचं असेल तर शनिवारी दुपारच्या आतच तो भरून घ्या आणि दोन प्रती काढा, एक पुढच्या कस्टम्सला, एक बोटीच्या फाइलमध्ये.